पाणी दिसतंय, पण सातबारा बघितला का?

मागच्या अंकात पैठण रोडवर आणि नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या काठानं जे प्लॉटिंग सुरू झालंय त्याच्यावर छोटं टिपण दिलं होतं. त्यात एवढंच म्हटलं होतं की जाहिरातीत ‘लेक टच’ दिसलं की आधी धरणाची पूर्ण पातळी किती आणि आपला प्लॉट किती उंचीवर ते विचारा. त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आलेत की यावेळचं सदर त्यालाच देतोय. बऱ्याच जणांचे पैसे अडकलेले आहेत म्हणून नावं छापत नाही. पत्रं थोडी छाटलीत, भाषा ज्याची त्याची ठेवलीय.

प्रश्न (वाळूज): सर नमस्कार, मी कंपनीत ऑपरेटर आहे. बॅकवॉटरला मोठी टाऊनशिप होणार म्हणून आम्हाला बसमधून साइट व्हिजिटला नेलं, नाश्ता वगैरे दिला. ब्रोशरमध्ये क्लब हाऊस, बोटिंगची जेट्टी, पाण्याकाठी वॉकिंग ट्रॅक सगळं आहे. पहिली लाइन लेक टच म्हणून तिचा रेट जास्त. सेल्सवाला म्हणायलाय की आजच्या आज टोकन दिलं तरच पहिल्या लाइनीत प्लॉट मिळल. आम्ही गेलो तेव्हा पाणी प्लॉटपासून शंभर पावलांवर होतं. घ्यावा का?

उत्तर: दादा, टोकन देऊ नका. खाली सांगतो ते होईपर्यंत तर नकाच, आणि तेवढ्यात पहिल्या लाइनीतला प्लॉट गेला तर जाऊ द्या.

तुम्ही कोणत्या महिन्यात गेलात ते लिहिलं नाही. पण अशा व्हिजिटा दसरा-दिवाळीच्या आसपास जास्त असतात आणि पाऊस बरा झाला असला तर तेव्हा धरण काठोकाठ असतं. जायकवाडीची पूर्ण पातळी १५२२ फूट, मीटरमध्ये ४६३.९०६. पैठणला चहाच्या टपरीवर विचारलं तरी हा आकडा सांगतील, आणि तुमच्या व्यवहारात रेटपेक्षाही तो महत्त्वाचा आहे. एकूण साठा १०२ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) वर, त्यातला ७६ च्या वर उपयुक्त आणि २६ मृतसाठा. आकडा मोठा आहे पण हे पाणी साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या आसपास पसरलेलं आहे. कोयना म्हणजे खोल तांब्या आणि आपलं जायकवाडी म्हणजे परात, त्यामुळं पातळी थोडी जरी उतरली तरी काठ लांबच लांब जातो. समजा तिथला उतार तीनशे फुटांना एक फूट आहे, तर पाणी दहा फूट उतरलं की काठ तीन हजार फूट मागं गेला, म्हणजे जवळजवळ एक किलोमीटर. मग उन्हाळ्यात तुमच्या बाल्कनीतून काय दिसणार, तर भेगाळलेला गाळ आणि बेशरमाची झुडपं. २०१६ आणि २०१९ च्या उन्हाळ्यात धरण मृतसाठ्यात गेलं होतं हे आपण सगळ्यांनी बघितलंय. आणि वरच्या नाशिक-नगरच्या धरणांतून खाली पाणी सोडायचं की नाही हा वाद तर ठरलेला, १५ ऑक्टोबरला जायकवाडी ६५ टक्क्यांच्या खाली असलं की पेपरात सुरू होतो. म्हणजे तुम्हाला जो व्ह्यू विकायलेत तो दर वर्षी मिळेल याची गॅरंटी बिल्डर तर सोडा, सरकारसुद्धा देऊ शकत नाही.

आता ‘टच’चं. या धरणाची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण झालं. त्या काळात बुडिताची जमीन संपादन झाली, ती सरकारची आहे, तिच्या हद्दीचे दगड लावलेले आहेत, काही ठिकाणी आजही दिसतात. त्यामुळं शेवटचा खाजगी प्लॉट आणि पाणी यांच्यामध्ये सरकारी जमिनीचा पट्टा येतोच. ब्रोशरमधली जेट्टी आणि वॉकिंग ट्रॅक जर त्या पट्ट्यात दाखवला असेल तर ते दुसऱ्याच्या जागेवर काढलेलं चित्र आहे, जलसंपदा खात्याची लेखी परवानगी दाखवा म्हणा. वर आणखी एक गोष्ट. नाथसागर हे १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे आणि त्याच्या भोवतीचा इको सेन्सिटिव्ह झोन केंद्र सरकारनं २०१७ मध्ये जाहीर केलाय. अशा झोनमध्ये रिसॉर्ट, हॉटेल, मोठी व्यापारी बांधकामं यांच्यावर कडक बंधनं असतात. तुमचा गट नंबर त्यात येतो का हे वन्यजीव विभागाकडं लेखी विचारा, तोंडी उत्तरावर जाऊ नका.

आणि एक काम घरी बसून फुकट होतं. कॉम्प्युटरवर गूगल अर्थ उघडा, त्यात जुन्या वर्षांचे फोटो बघायची सोय आहे. साइटचं लोकेशन टाका आणि दुष्काळी वर्षाचा मे महिना आणि भरलेल्या वर्षाचा ऑक्टोबर दोन्ही बघा. एकात पाणी कुठं पळालंय आणि दुसऱ्यात कुठवर आलंय ते डोळ्यांना दिसेल. दुसऱ्या फोटोत तुमच्या प्लॉटवरच पाणी दिसलं तर विषय तिथंच संपला. नाही दिसलं तर मग लायसन्सवाला सर्व्हेअर नेऊन प्लॉटची लेव्हल काढून घ्या, १५२२ च्या किती वर आहे ते कागदावर. त्याची फी टोकनच्या मानानं काहीच नाही. कायगाव टोक्याच्या बाजूला साइट असेल तर जास्तच वर पाहिजे, कारण मोठा पूर आत येत असताना फुगवट्याचं पाणी नदीच्या तोंडाकडं सपाट राहत नाही, चढतं.

प्रश्न (पैठण, शिक्षिका): बोर्डवर ‘कलेक्टर एनए, टीपी सँक्शन’ असं लिहिलंय. म्हणजे सगळं क्लिअर ना?

उत्तर: नाही ताई. बोर्डवर काय लिहायचं ते पेंटरच्या हातात असतं, तुम्ही ऑर्डर मागा. बिनशेतीचा (एनए) आदेश, टाऊन प्लॅनिंगनं (टीपी) मंजूर केलेल्या लेआउटची शिक्क्याची प्रत आणि तिसरा महारेराचा, म्हणजे घर-प्लॉटच्या प्रोजेक्टांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, नंबर. पाचशे चौरस मीटरच्या वरच्या जागेत प्लॉट पाडून विकायचे तर रेरा नोंदणी लागते, नुसते प्लॉट असले तरी लागते, आणि ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर क्यूआर कोड छापणं सक्तीचं आहे. तो मोबाइलवर स्कॅन केला की प्रोजेक्टचं पान उघडतं, त्यात जमीन कोणाची, कोर्टात दावा आहे का, लेआउट कोणता मंजूर, काम कधी संपणार हे सगळं येतं. बोर्डवर क्यूआर नसेल तर तिथून परत या. आणि मंजूर लेआउटमधल्या प्लॉट नंबरशी तुमच्या इसारपावतीवरचा नंबर जुळवून बघा, कारण ओपन स्पेसवर प्लॉट पाडून विकल्याच्या केसेस आपल्याकडं काही कमी झालेल्या नाहीत.

प्रश्न (गंगापूर तालुका, शेतकरी): आमचं गाव धरणात गेलेलं. वडिलांना त्याच्या बदल्यात जी जमीन भेटली ती माझ्या नावावर आहे, सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ लिहून येतं. त्याशिवाय पाणी उतरलं की आम्ही खाली गाळपेर करतो, हरभरा, गहू, टरबूज घेतो. आता टाऊनशिपवाले आलेत, म्हणायलेत दोन्ही जमिनी मिळून आम्हाला द्या, कुलमुखत्यारपत्र करून द्या, परवानग्या आम्ही काढू, तुम्हाला एकरी चांगले पैसे आणि वर दोन प्लॉट. पोरं म्हणत्यात देऊन टाका. काय करावं?

उत्तर: काका, तुमचं पत्र वाचून जीव तुटला. या धरणापायी शंभरावर गावं उठली, त्या पिढीनं घरदार सोडलं म्हणून संभाजीनगरच्या नळाला पाणी आहे आणि परभणीपर्यंत कालवा आहे. आता त्याच पाण्याच्या व्ह्यूला भाव आला असेल तर त्यातला वाटा सगळ्यात आधी तुमचा. पण तो कागदानं घ्या.

गाळपेर जमीन वेगळी काढा. ती पाटबंधारे खात्याची आहे, हंगामापुरती भाड्यानं मिळते, धरणग्रस्तांना प्राधान्य असतं, पण मालकी तुमची होत नाही आणि टाऊनशिपवाल्याची तर कधीच होणार नाही. तिच्यावर कोणी करार करून घेत असेल, भले शंभराच्या बॉण्डवर का असेना, सही करू नका. पुढं भानगड झाली की सरकारी जमीन विकली म्हणून तुमचंच नाव पुढं येईल.

वर्ग २ ची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. परवानगी आधी आणि व्यवहार नंतर, हा क्रम उलटा झाला की शर्तभंग, आणि शर्तभंगात जमीन सरकारजमा होऊ शकते. टाऊनशिपवाला मुखत्यारपत्र का मागतोय ते समजून घ्या. एकदा ते रजिस्टर करून दिलं की तुमच्या नावानं तो सह्या करणार, प्लॉट विकणार, पैसे घेणार, आणि लोक भांडायला तुमच्या दारात येणार. त्यापेक्षा परवानगीचा अर्ज तुमच्या नावानं तहसीलला करा, वकील तुमचा लावा, त्याचा नाही. परवानगी आली आणि द्यायचंच ठरलं तर नोंदणीकृत विकसन करारनामा करा, त्यात तुमचे दोन प्लॉट नंबरासहित आणि नकाशावर खूण करून लिहून घ्या, रक्कम कोणत्या तारखेला किती ते लिहून घ्या, आणि इतक्या वर्षांत काम झालं नाही तर जमीन परत, ही अट टाका. घरातल्या बहिणींची नावं सातबाऱ्यावर आहेत का तेही बघा, असतील तर त्यांच्या सह्या लागतातच आणि त्यांचा वाटाही लागतो. पोरांना हे पत्र वाचून दाखवा. त्यांची घाई मला कळते, शेतीत काही उरत नाही, पण ही जमीन दुसऱ्यांदा गेली तर तिसरी कोणी देणार नाही.

प्रश्न (नांदेड): गोदावरीच्या काठी रिव्हर व्ह्यू फ्लॅट बघितलाय, चौथ्या मजल्यावर. चौथ्या मजल्याला पुराची काय भीती?

उत्तर: फ्लॅटला नसेल, पण पार्किंगला, लिफ्टला, बोअरच्या मोटारीला आणि जिन्याला आहे, आणि ते सगळं खालीच असतं. नदीला दोन रेषा असतात. निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, तिच्या आत बांधकाम नाही. लाल रेषा शंभर वर्षांतल्या पुराची, या दोन रेषांच्या मधे अटी घालून बांधता येतं आणि जोतं लाल रेषेच्या वर उचलावं लागतं. बिल्डरकडून महापालिकेचा मंजूर नकाशा घ्या, त्यावर या रेषा आखलेल्या आहेत का ते बघा. नसल्या तर पाटबंधारे खात्याकडून पूररेषेचा नकाशा माहिती अधिकारात काढा. नांदेडला वरून विष्णुपुरी धरणाचे दरवाजे उघडतात आणि खाली तेलंगणात पोचमपाड धरण भरलेलं असलं की पाणी लवकर पुढं सरकत नाही, त्यामुळं पाणी आलं की मुक्काम करतं. वर पैठणला २००६ च्या ऑगस्टमध्ये अडीच लाख क्युसेकच्या आसपास पाणी सोडलं तेव्हा अर्धं गाव पाण्यात होतं, आणि २०२५ च्या सप्टेंबरात विसर्ग त्याच्याही वर गेला. घर घ्यायच्या आधी त्या गल्लीतल्या जुन्या किराणा दुकानदाराला विचारा पाणी कुठवर आलं होतं, तो भिंतीवर हात लावून दाखवेल.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर, आर्किटेक्चरचा विद्यार्थी): तुम्ही सगळ्यांना घाबरवायलात असं वाटतंय. लवासासारखं प्लॅन्ड शहर आपल्या नाथसागराला का होऊ नये? मराठवाड्यानं नुसतं टँकरच्या बातम्यातच राहायचं का?

उत्तर: मित्रा, प्रश्न आवडला. होऊ नये असं माझं म्हणणं नाही, व्हावं असंच आहे, म्हणून तर एवढं लिहितोय.

लवासा आधी नीट बघ. वरसगाव धरणाच्या काठी, मुळशीच्या डोंगरात, एचसीसी या बांधकाम कंपनीनं पाच गावांचं शहर आखलं, पहिलं दासवे बांधलं, आणि डिझाइन म्हणून ते चांगलंच होतं, तुझ्या कॉलेजात शिकवत असतील. पण २००८ मध्ये त्या कंपनीलाच विशेष नियोजन प्राधिकरणाचा दर्जा मिळाला, म्हणजे जमीन तिची, नकाशा तिचा आणि मंजुरी देणारीही तीच. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्राच्या पर्यावरण खात्यानं काम थांबवलं, वर्षभरानं पहिल्या टप्प्याला अटींवर परवानगी मिळाली, तोवर कर्ज वाढत गेलं आणि ऑगस्ट २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. ज्यांनी बुकिंग केलं ती माणसं वर्षानुवर्षं ताबा मागत फिरत राहिली. शहर एका कंपनीच्या ताळेबंदावर उभं असलं की कंपनी बसली की शहर बसतं. आता आपल्या घरचं उदाहरण घे. सिडकोनं सत्तरच्या दशकात इथं काम सुरू केलं, एन-१ पासून एन-१३ पर्यंत सेक्टर पाडले, रस्ते, ड्रेनेज, बाग, शाळेची जागा आधी सोडली आणि त्यात छोट्या पगाराच्या माणसासाठी छोटी घरंही बांधली. दिसायला लवासाइतकं देखणं नाही, पण पन्नास वर्षं माणसं नांदतायत. शेंद्रा-बिडकीनला ऑरिक या औद्योगिक शहरामध्येही रस्ते, पाइपलाइन, केबल आधी जमिनीखाली टाकल्या आणि मग प्लॉट दिले, हा क्रम बरोबर आहे.

नाथसागराला वस्ती करायची तर मला काय हवंय ते सांगतो, तू ते कागदावर काढून बघ. पहिलं म्हणजे काठ सगळ्यांचा राहिला पाहिजे. कंपाउंड घालून पाणी विकत घेतल्यासारखं वागणारी टाऊनशिप नको. भोई आणि कहार समाजाची माणसं पहाटे तराफे घेऊन उतरतात, त्यांची जाळी वाळवायची जागा, त्यांची वाट ही नकाशात पहिल्या दिवशी आखली गेली पाहिजे, नंतर गेटवर वॉचमननं अडवायची वेळ येऊ नये. दुसरं, घरं काठापासून मागं, मुरमाच्या उंच पट्ट्यावर घे. काठाची काळी जमीन सोडून दे, तिथं हिवाळ्यात पट्टकदंब हंस हरभऱ्याच्या रानात उतरतात, रोहित (फ्लेमिंगो) उथळ पाण्यात उभे असतात, ते बघायला माणसं येतील, त्यांच्या मुक्कामाची सोय जवळच्या गावातल्या घरांनी करावी, पैसा गावात राहील. तिसरं सांडपाणी. या धरणाचं पाणी लाखो लोक पितात, त्याच्या काठी शेकडो सेप्टिक टँक खणणं म्हणजे स्वतःच्या पिण्याच्या पाण्यात घाण सोडणं आहे, तेव्हा एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट, चालू झाल्याशिवाय एकाही घराचा ताबा द्यायचा नाही अशी अट पाहिजे. आणि धरणात गाव गेलेल्यांच्या नातवंडांना त्या वस्तीत राखीव प्लॉट. हे सगळं केलं की रेट कमी मिळेल असं डेव्हलपर म्हणेल. मिळू दे कमी. निदान दहा वर्षांनी तिथं दिवे लागलेले असतील.

प्रश्न (लातूर, गृहिणी): आम्हाला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, घागर-घागर मोजून वापरलंय. आता मिस्टर म्हणायलेत की धरणाजवळच घर घेऊ, म्हणजे पाण्याची कटकट नाही. बरोबर आहे का?

उत्तर: वहिनी, धरण दिसणं आणि नळाला पाणी येणं याचा आपल्याकडं फारसा संबंध नाही. धरणातून पाणी उचलायला जलसंपदा खात्याची मंजुरी लागते, कोटा ठरतो, आणि टंचाईत पिण्याच्या पाण्याचं आरक्षण शहरांच्या आणि गावांच्या योजनांना जातं. खाजगी टाऊनशिपची पाइपलाइन त्या रांगेत कुठं आहे ते तिनं तुम्हाला लेखी दाखवायला हवं. बोअर आहे म्हणतील. आपला बेसॉल्ट दगड, बोअरला मार्चपर्यंत पाणी लागलं तरी मे महिन्यात लागेल असं नाही.

हिशोब करून बघा. माणशी रोज १३५ लिटर हे शहरी पाणीपुरवठ्याचं माप आहे. चारशे घरं, घरात चार माणसं, म्हणजे रोज २ लाख १६ हजार लिटर. बारा हजाराच्या टँकरनं म्हटलं तर दिवसाला अठरा टँकर. ही रक्कम मेंटेनन्समध्ये कोण भरणार हे विचारा. विचारल्यावर सेल्सवाल्याकडं जर पाण्याच्या मंजुरीचं पत्र असेल, टाक्या किती लिटरच्या ते नकाशावर असेल, वापरलेलं पाणी शुद्ध करून फ्लशला आणि झाडांना द्यायची वेगळी पाइपलाइन असेल, तर मिस्टरांचं म्हणणं पुढं ऐकायला हरकत नाही. उन्हाळ्यात जायकवाडीतून संभाजीनगरला रोज जेवढं पाणी जातं त्याच्या कितीतरी पट उन्हानं वाफ होऊन उडतं, म्हणून भरलेलं धरण बघून हिशोब धरू नये.

प्रश्न (माजलगाव): तलावाच्या बाजूला दोन वर्षांपूर्वी घर बांधलं, भिंतीला तिरप्या भेगा पडल्यात, दरवाजे लागत नाहीत. मिस्त्री म्हणतो प्लास्टरचा दोष. प्लास्टर परत करू का?

उत्तर: प्लास्टरवर पैसे घालू नका, दोष खाली आहे. काळी माती पाण्यानं फुगते आणि उन्हानं आकसते, पाण्याच्या काठी तर हे दर वर्षी होतं, आणि पाया तिच्यातच टेकवला असेल तर घर वरखाली हलतं. खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली तिरपी भेग हे त्याचंच लक्षण. आधी घराच्या कडेला एक खड्डा घेऊन बघा काळी किती फूट, तिच्याखाली मांजऱ्या (मुरमाच्या वरचा मऊ थर) किती आणि मुरूम कुठं लागतो. नवीन बांधणाऱ्यांनी पाया मुरमापर्यंत न्यावा, आणि मुरूम फार खोल असेल तर खाली गोळा असलेले अंडर-रिम्ड पाइल घ्यावेत, रुरकीच्या केंद्रीय संस्थेनं हे तंत्र काळ्या मातीसाठीच काढलंय. तुमच्या घराला आता चारी बाजूंनी रुंद फरसबंदी करून पावसाचं पाणी लांब काढून द्या, भिंतीलगतची झाडं आणि न्हाणीघराची गळती बंद करा, आणि भेगांवर काचेचे तुकडे सिमेंटनं चिकटवून तारीख टाका. काच तडकली तर हालचाल चालू आहे, मग स्ट्रक्चरल इंजिनियर बोलवाच.

प्रश्न (जालना): २०१९ ला धरणाकाठच्या प्रोजेक्टमध्ये प्लॉटच्या किमतीच्या निम्मे पैसे भरले. साठेखत नोटरीवर. आजपर्यंत साइटवर नुसती कमान आहे. ऑफिसवाले म्हणतात परवानगी अडकली, थांबा. पैसे बुडाले का?

उत्तर: बुडाले असं धरून बसू नका. दहा टक्क्यांच्या वर पैसे घ्यायचे तर आधी नोंदणीकृत करार करावा लागतो, ही रेरा कायद्याच्या कलम १३ ची अट आहे, ती त्यांनी मोडलीय. ताबा वेळेत दिला नाही तर कलम १८ खाली तुम्ही व्याजासकट पैसे परत मागू शकता, व्याजाचा दर स्टेट बँकेच्या कर्जदरावर दोन टक्के. जाहिरातीत लेक टच, जेट्टी असं काही छापलं असेल आणि ते खोटं निघालं तर कलम १२ पण लागतं, तेव्हा ते ब्रोशर फेकून देऊ नका.

सगळ्या पावत्या, बँकेचं स्टेटमेंट, व्हॉट्सॲपवरची बोलणी एका फाइलीत लावा. वकिलाकडून नोटीस द्या, पोचपावती ठेवा. मग महारेराच्या साइटवर ऑनलाइन तक्रार होते, फी पाच हजार, सुनावणी व्हिडिओवरही होते. प्रोजेक्टची नोंदणीच नसली तरी तक्रार घेतली जाते, त्यांच्याकडं त्याचा वेगळा रकाना आहे. आदेश होऊन पैसे दिले नाहीत तर वसुलीचं वॉरंट कलेक्टरकडं जातं आणि जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. त्याला वेळ लागतो, तहसीलला पाठपुरावा करावा लागतो, पण त्या प्रोजेक्टमधले बाकीचे लोक सोबत आले तर खर्चही वाटून जातो आणि समोरच्यावर दाबही येतो. साइटवरच्या कमानीचा तारीख दिसणारा फोटो आजच काढून ठेवा, कारण नोटीस गेली की तिथं दोन ट्रॅक्टर मुरूम टाकून काम सुरू असल्याचं दाखवतात.